डॉलर-रुपयाचा चार्ट कोणत्या टाइमफ्रेमवर पाहायचा? नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

दुपारचे अडीच वाजलेत. पाच मिनिटांच्या चार्टवर, म्हणजे जिथे दर पाच मिनिटांच्या भावाची एक उभी पट्टी (कँडल) बनते तिथे, डॉलर-रुपयाच्या लागोपाठ चार लाल, म्हणजे भाव खाली गेल्याच्या, कँडल पडल्यात आणि पाहणाऱ्याला वाटतंय, डॉलर घसरायला लागला. तोच चार्ट डेलीवर टाका, म्हणजे दिवसाला एकच कँडल. त्या चारही कँडल आजच्या एका हिरव्या कँडलच्या वरच्या विकमध्ये (कँडलच्या टोकाची बारीक रेघ) जिरून गेलेल्या दिसतील. दोन्ही चार्ट खरंच सांगतायत. तुमचा व्यवहार त्यातल्या कोणत्या चार्टवरचा आहे, हे मात्र तुम्हाला आधी ठाऊक असायला हवं. नव्या माणसाचे पैसे बहुतेक वेळा इथेच जातात. निर्णय एका टाइमफ्रेमवर, म्हणजे एका कँडलच्या कालावधीवर, घेतो आणि घाबरतो दुसऱ्याच टाइमफ्रेमवर.

कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका कास्टिंग निर्यातदाराचा हिशोब मी बघतो. माल जहाजात चढल्यापासून डॉलर खात्यात यायला साठ-नव्वद दिवस जातात. मधल्या काळात डॉलर घसरला तर नफ्यातला मोठा भाग तिथेच जातो. म्हणून एक्स्चेंजवर पुढच्या महिन्यांच्या करारांत डॉलरचे लॉट (१,००० डॉलरचा एक) आधीच विकून भाव पक्का करून ठेवायचा, म्हणजेच हेज करायचं. पुढे सांगतोय ते सगळं या कामातून आलेलं आहे.

आधी परवानगीचं बघा

चार्ट उघडण्याआधी हे वाचाच. भारतात राहणाऱ्याने एक्स्चेंजवर रुपयाच्या जोड्यांमध्ये व्यवहार करायचा तर त्यामागे खरं परकीय चलनाचं देणं किंवा येणं असावं लागतं. रिझर्व्ह बँकेने ५ जानेवारी २०२४ च्या परिपत्रकात हे पुन्हा ठामपणे सांगितलं आणि ते ३ मे २०२४ पासून लागू झालं. १० कोटी डॉलरपर्यंतच्या पोझिशनसाठी (घेतलेल्या किंवा विकलेल्या, अजून न मिटलेल्या करारांसाठी) कागदपत्रं आधी दाखवावी लागत नाहीत, पण येणं-देणं खरोखर असलंच पाहिजे. ‘कागद मागत नाहीत, म्हणजे चालतं’ असा अर्थ कुणी सांगितला तर ऐकू नका. या नियमानंतर एक्स्चेंजवरची उलाढाल बरीच आटली. त्याचा टाइमफ्रेमशी थेट संबंध आहे, तो पुढे येईलच.

आणि मोबाइलवर जाहिराती येतात त्या परदेशी ॲपवर भारतात बसून युरो-डॉलर खेळणं? फेमा, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखाली त्याला परवानगी नाही. अशा अनधिकृत प्लॅटफॉर्मची सावधगिरीची यादी रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये पहिल्यांदा काढली आणि नंतर ती वाढवत नेली. यादीत नाव नाही म्हणून एखादा प्लॅटफॉर्म अधिकृत ठरत नाही, हेही रिझर्व्ह बँकेनेच सांगितलेलं आहे. ज्यांना नुसतं शिकायचंय त्यांनी कागदावर शिकावं. चार्ट फुकट दिसतो, वही पंचवीस रुपयांना मिळते.

पहिली पायरी: किती दिवस थांबायचंय ते लिहा

टाइमफ्रेमची निवड चार्टपासून सुरू करू नका, बिलाच्या तारखेपासून करा. तीन उदाहरणं घेऊ.

निर्यातदाराला साठ दिवसांनी २५,००० डॉलर येणार आहेत. साठ दिवस म्हणजे बाजाराचे साधारण चाळीस दिवस, म्हणजेच डेली चार्टवर चाळीस कँडल. आयातदाराला दहा दिवसांनी मशीनचे पैसे भरायचेत, म्हणजे बाजाराचे सात दिवस. तासाच्या चार्टवर ते छप्पन कँडल होतात. मुलीच्या परदेशातल्या कॉलेजची पुढची फी सहा महिन्यांनी भरायची आहे अशा पालकांना वीकली चार्टवर सव्वीस कँडल मिळतात.

माझं माप असं आहे: तुमचा व्यवहार मुख्य चार्टवर वीस ते साठ कँडल चालला पाहिजे. त्याहून कमी पडत असतील तर चार्ट खूप मोठा घेतलाय, काही कळायच्या आत तारीख उलटेल. शंभर-दोनशे होत असतील तर चार्ट खूप लहान आहे, रोज दहा वेळा मन बदलेल. साठ दिवसांचं येणं पाच मिनिटांच्या चार्टवर सांभाळायचं म्हटलं तर जवळपास चार हजार कँडल होतात. तेवढ्या कँडलसमोर कुणाचंही डोकं शांत राहत नाही.

दुसरी पायरी: या बाजाराचं घड्याळ समजून घ्या

शेअर बाजारातून आलेल्या माणसाची इथे हमखास गफलत होते. एनएसईवर चलनाचा बाजार सकाळी ९ ते संध्याकाळी ५ चालतो, म्हणजे ४८० मिनिटं. तासाच्या चार्टवर नेमक्या आठ कँडल, दोन तासांच्या चार्टवर चार, पंधरा मिनिटांच्या चार्टवर बत्तीस. सगळ्या पूर्ण बसतात. निफ्टीवाल्यांची आवडती ७५ मिनिटांची कँडल इथे आणू नका. शेअर बाजाराच्या ३७५ मिनिटांत ती बरोबर पाच वेळा बसते. इथे मात्र सहा पूर्ण कँडल होऊन अर्ध्या तासाची एक तुटकी कँडल उरते, आणि त्या तुटक्या कँडलवर काढलेला कुठलाही ॲव्हरेज वाकडाच येतो.

त्या आठ तासांतही सगळे तास सारखे नसतात. बँकांमधला डॉलर-रुपयाचा बाजार साडेतीनला उरकतो. त्यानंतरच्या दीड तासात एक्स्चेंजवर सौदे विरळ होतात, म्हणून त्या वेळेतल्या पाच आणि पंधरा मिनिटांच्या कँडलवर मी कधीच निर्णय घेत नाही. साडेअकरा ते साडेबारा ही वेळ वेगळ्या कारणाने महत्त्वाची आहे. दिवसाचा संदर्भ दर याच तासातल्या बँकांच्या सौद्यांवरून ठरतो आणि महिन्याचे करार त्याच दराने मिटवले जातात. तेव्हा लहान चार्टवर अचानक उड्या दिसतात, त्यात दिशा शोधत बसू नका.

पण घड्याळातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट बाजार बंद असतानाची आहे. डॉलर चोवीस तास हलतो, आपला चार्ट आठच तास. अमेरिकेचे रोजगाराचे आणि महागाईचे आकडे भारतीय वेळेनुसार उन्हाळ्यात संध्याकाळी सहाला येतात, हिवाळ्यात सातला. फेडचा, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा, व्याजदराचा निर्णय उन्हाळ्यात रात्री साडेअकराला, हिवाळ्यात साडेबाराला. तोपर्यंत आपला बाजार बंद असतो. रात्रभर सिंगापूर, लंडन, न्यूयॉर्कमध्ये रुपयाचे सौदे परस्पर होत राहतात आणि सकाळी ९ वाजता आपली पहिली कँडल थेट नव्या भावाला उघडते. रोजगाराचे आकडे बहुतेक वेळा महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी येतात, म्हणजे त्याचा गॅप (आदल्या बंद भावापासून नव्या उघडत्या भावापर्यंतची उडी) सोमवारी दिसतो. रिझर्व्ह बँकेचं पतधोरण तेवढं आपल्या वेळेत, सकाळी दहाला येतं.

याचा अर्थ असा, की पाच मिनिटांच्या चार्टवर तुम्ही दोन पैशांचा स्टॉपलॉस (भाव तेवढा उलटा गेला की तोटा घेऊन बाहेर काढणारी ऑर्डर) लावून रात्रभर पोझिशन ठेवलीत, तर तो स्टॉपलॉस फक्त कागदावरच राहतो. बाजार त्याच्यावरून उडी मारून पुढे उघडू शकतो. पाच-पंधरा मिनिटांची टाइमफ्रेम निवडायची तर संध्याकाळी पाचच्या आत पोझिशन बंद करायचीच. रात्री पोझिशन ठेवायची असेल तर मुख्य चार्ट तासाचा असला तरी स्टॉप डेली बघूनच ठरवा, कारण डेली चार्टवर हे गॅप आधीच्या महिन्यांतही दिसतात आणि त्यांची उंची मोजता येते.

तिसरी पायरी: खर्च आणि हालचाल यांचं गणित मांडा

हे गणित एकदा स्वतःच्या हाताने करा. माझं मत या गणितानेच बदललं.

डॉलर-रुपयाचा एक लॉट १,००० डॉलरचा. सगळ्यात छोटी पायरी, म्हणजे टिक, पाव पैशाची, तिची किंमत एका लॉटला अडीच रुपये. भाव एक पैसा हलला की लॉटमागे दहा रुपये. आता समजा, तुम्ही पाच लॉटचा व्यवहार करताय. घेण्याच्या आणि विकण्याच्या भावात अर्ध्या पैशाचं अंतर आहे, म्हणजे लॉटमागे ५ रुपये गेले. ब्रोकरचे जाता-येता मिळून ४० रुपये, पाच लॉटवर वाटले तर ८ रुपये. कर आणि इतर आकार धरून आणखी एक रुपया. लॉटमागे एकूण खर्च १४ रुपये.

पाच मिनिटांच्या चार्टवर तुमचा स्टॉपलॉस दोन पैशांचा असेल तर जोखीम लॉटमागे २० रुपये आणि खर्च १४. म्हणजे मैदानात उतरण्याआधीच जोखमीच्या सत्तर टक्के रक्कम देऊन मोकळे. डेली चार्टवर वीस पैशांचा स्टॉप असेल तर जोखीम २०० रुपये, खर्च तोच १४, म्हणजे सात टक्के. उलाढाल आटल्यापासून दोन भावांतलं अंतर कधी अर्ध्या पैशाहून जास्त असतं, विशेषतः पुढच्या महिन्यांच्या करारांत. तेव्हा लहान चार्टचं गणित आणखी बिघडतं.

कुणी म्हणेल, लहान चार्टवर संधी जास्त मिळतात, मग खर्च भरून निघेल. तसं होत नाही. कँडलची उंची वेळेच्या प्रमाणात वाढत नाही, साधारण वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. पंधरा मिनिटांची कँडल सरासरी तीन पैशांची असेल, तर बत्तीस कँडलचा दिवस शहाण्णव पैशांचा नसतो, जेमतेम सतराच्या आसपास असतो. बाकीचं सगळं पुढे-मागे होण्यात जातं, आणि त्या प्रत्येक पुढे-मागेला ब्रोकरचं मीटर चालू असतं.

तुमच्या चार्टवर एटीआर नावाचं, कँडलची सरासरी उंची दाखवणारं इंडिकेटर लावा, चौदा कँडलचं. पाच मिनिटं, एक तास आणि डेली, तिन्हीवर तो आकडा वहीत लिहा. त्याच्याशेजारी तुमचा खर्च पैशांत लिहा. खर्च एटीआरच्या दहाव्या हिश्शाहून जास्त असेल तर ती टाइमफ्रेम सोडून द्या. नव्या माणसाने पाच मिनिटं आणि त्याखालच्या टाइमफ्रेमकडे बघूच नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

चौथी पायरी: तीन चार्ट, तीन वेगळी कामं

मुख्य टाइमफ्रेम ठरली की तिच्यावरची एक आणि खालची एक घ्या. दोघींमध्ये साधारण चार ते आठ पट अंतर असू द्या. डेलीच्या वर वीकली, खाली तास. तासाच्या वर डेली, खाली पंधरा मिनिटं. तास आणि पंचेचाळीस मिनिटं अशी जोडी घेऊन उपयोग नाही, दोन्ही एकच गोष्ट सांगतात.

वरच्या चार्टचं काम हवामान सांगण्याचं. रुपयात हे फार महत्त्वाचं आहे, कारण रिझर्व्ह बँक हस्तक्षेप करते आणि महिनोन् महिने भाव एका अरुंद पट्ट्यात चालतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये डॉलरने ८३ ओलांडले, ८४ ओलांडायला ऑक्टोबर २०२४ उजाडला. एका रुपयाला दोन वर्षं! आणि तिथून पुढे ८७ ओलांडायला चार महिनेसुद्धा लागले नाहीत, फेब्रुवारी २०२५ च्या सुरुवातीलाच ते झालं. पहिल्या काळात पट्टा फुटण्यावर पैसे लावणारा कंटाळून दमला, दुसऱ्या काळात ‘पट्टा आहे’ म्हणून वर विकणारा अडकला. पंधरा मिनिटांच्या चार्टवर या दोन काळांत फारसा फरक दिसत नव्हता, वीकलीवर तो लांबूनही दिसत होता.

मुख्य चार्टवर निर्णय घ्यायचा: कुठे विकायचं, कुठे चूक मान्य करायची. खालचा चार्ट फक्त ऑर्डर टाकण्यासाठी. डेलीवर विकायचं ठरलं की तासाच्या चार्टवर जरा वर येईपर्यंत थांबायचं, दोन-चार पैसे बरा भाव मिळतो. तासाच्या चार्टला निर्णय बदलायचा अधिकार नाही.

हा शेवटचा नियम मी एकदा मोडला होता. २५ लॉट विकून ठेवले होते. त्यातले १५ मी बिल येईपर्यंत हलवत नाही, चार्ट लागतो तो उरलेल्या १० साठी. त्या दहांसाठी डेलीवर रेघ आखली होती, आणि डेली कँडल त्या रेघेच्या वर बंद झाली तरच ते सोडायचे असं ठरवलं होतं. फेडच्या निर्णयानंतरच्या सकाळी बाजार गॅप देऊन रेघेच्या वर उघडला. पंधरा मिनिटांच्या चार्टवर पहिलीच कँडल लांबलचक हिरवी. नऊ वीसला मी दहाही लॉट परत घेतले, तोटा सोसून. दुपारपर्यंत भाव हळूहळू खाली येत गेला आणि पाच वाजता डेली कँडल बंद झाली ती रेघेच्या खाली. नियमाप्रमाणे मी अजून आत असायला हवं होतं. पुढच्या आठवड्यात डॉलर घसरला आणि दहा हजार डॉलरचं येणं उघडं पडलं होतं. तेव्हापासून डेलीचा निर्णय साडेचार ते पाचच्या दरम्यानच घेतो, सकाळी नाही.

पाचवी पायरी: चार्ट कोणत्या कराराचा आहे ते तपासा

ही पायरी बहुतेक मार्गदर्शनांत नसते, आणि वीकली-डेली बघणाऱ्याला तिच्याशिवाय पुढे जाता येत नाही.

एक्स्चेंजवर दर महिन्याचा वेगळा करार असतो. तो महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवसाच्या दोन दिवस आधी दुपारी साडेबाराला संपतो. भारतातले व्याजदर अमेरिकेहून जास्त असल्यामुळे पुढच्या महिन्याचा डॉलर सहसा महाग असतो. समजा, या महिन्याचा करार ९०.१० ला संपला आणि पुढचा ९०.३० ला चाललाय. दोन्ही करार जोडून केलेल्या अखंड चार्टवर दुसऱ्या दिवशी वीस पैशांची उडी दिसेल. डॉलर मात्र कुठेच गेलेला नाही. नवा माणूस तिला ब्रेकआउट, म्हणजे भाव पट्टा फोडून निघाला असं, समजतो.

म्हणून वीकली आणि मंथली बघायचं ते स्पॉटच्या, म्हणजे करार नसलेल्या चालू बाजारभावाच्या, चार्टवर. डेली बघताना स्पॉट आणि तुमचा करार शेजारी-शेजारी ठेवा. तासाचा आणि त्याखालचा चार्ट मात्र ज्या करारात ऑर्डर टाकणार त्याचाच, कारण खरेदी-विक्रीचे भाव त्यातलेच मिळणार. एक्स्पायरीच्या दिवशी संपणाऱ्या कराराचा लहान चार्ट बंदच ठेवा.

सहावी पायरी: स्टॉप आधी, लॉट नंतर

स्टॉपचं अंतर टाइमफ्रेम ठरवते, आणि लॉटची संख्या ते अंतर ठरवतं. उलटं करू नका. पाच हजार रुपयांपर्यंत तोटा सोसायची तयारी आहे आणि डेली चार्ट सांगतोय की स्टॉप पंचवीस पैशांवर हवा. लॉटमागे २५० रुपये, म्हणजे वीस लॉट. येणं पंधरा हजार डॉलरचंच असेल तर पंधरा लॉट, त्याच्यावर एकही नाही, कारण येण्याहून मोठी पोझिशन नियमात बसत नाही. लॉट जास्त घ्यायचेत म्हणून लहान टाइमफ्रेमवर जाऊन स्टॉप जवळ ओढणं हा नव्या माणसाला होणारा सगळ्यात मोठा मोह. बाजार तुमच्या सोयीने कमी हलत नाही.

परदेशातल्या मराठी वाचकांसाठी

लंडन, दुबई किंवा इतरत्र राहून तिथल्या परवानाधारक ब्रोकरकडे युरो-डॉलर करणाऱ्यांचं गणित थोडं वेगळं आहे. तिथे बाजार सोमवार ते शुक्रवार अखंड चालतो, त्यामुळे चार तासांची कँडल उपयोगी पडते, दिवसाला सहा. आपल्याकडे ती दिवसाला दोनच होतात. जगभर डेली कँडल न्यूयॉर्कच्या संध्याकाळी पाचला बंद झाली असं धरतात. ब्रोकरचं घड्याळ वेगळं असेल तर रविवारची एक बुटकी कँडल जास्तीची दिसते. आठवड्याला नेमक्या पाच डेली कँडल दाखवणारा चार्टच वापरा, नाहीतर मूव्हिंग ॲव्हरेज चुकतो.

नोकरी सांभाळून करणाऱ्या लंडनकराला डेली कँडल रात्री दहाला बंद झालेली मिळते, जेवणानंतर पंधरा मिनिटं पुरतात. दुबईत तोपर्यंत रात्रीचा एक किंवा दोन वाजलेला असतो, त्यासाठी जागू नका, सकाळी ऑफिसआधी बघा. ब्रिटनमध्ये किरकोळ ग्राहकाला प्रमुख जोड्यांवर तीसपटच उधारी मिळते. पाचशेपट देतो म्हणणारा ब्रोकर तिथल्या परवान्याखाली काम करत नाहीये, हे लगेच ओळखा.

सातवी पायरी: वीस व्यवहार वहीत

पैसे न लावता वीस व्यवहार लिहून काढा. तारीख, मुख्य टाइमफ्रेम, कोणत्या कँडलच्या बंद होण्यावर निर्णय घेतला, स्टॉप किती पैशांवर, आणि शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा: मध्येच दुसऱ्या टाइमफ्रेमवर जाऊन काही बदललं का? हो किंवा नाही, एवढंच. वीसपैकी चारपाच ‘हो’ निघाले तर तुमची मुख्य टाइमफ्रेम तुमच्या दिवसाच्या वेळापत्रकाला जुळत नाहीये. कामाच्या धबडग्यात तासाच्या कँडल सुटत असतील तर डेलीवर या. डेलीवर आठवडाभर काहीच घडत नाही म्हणून हात शिवशिवत असतील, तरी डेलीवरच राहा आणि मोबाइलवरचं ॲप दुपारभर बंद ठेवा.

खरं येणं-देणं सुरू झालं, की वहीचं नवं पान घ्या. वर बिलाची रक्कम आणि पैसे यायची तारीख, त्याखाली तीन टाइमफ्रेम आणि प्रत्येकीचं काम, त्याखाली रेघेचा भाव. पैसे खात्यात जमा होईपर्यंत त्या पानावरच्या तीन टाइमफ्रेमवर खाडाखोड करायची नाही.